तीन खाती, एक ताळेबंद

बँकेतील पस्तीस वर्षांच्या नोकरीत एक सवय हाडीमाशी खिळली. कोणी कसलाही प्रस्ताव घेऊन समोर बसला की पहिला प्रश्न मनात येतो : परतफेड कशातून होणार? निवृत्तीनंतर मेज सुटले, खुर्ची सुटली, पण हा प्रश्न सुटला नाही. गेल्या वर्षी तो मी माझ्या नातीला विचारला. तिने जे उत्तर दिले त्यातून माझेच एक जुने, कधी न मिटलेले खाते उघडले गेले. त्याची ही हकीकत.

नात म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची नात, पुतण्याची मुलगी. थोरले बंधू बार्शीत भुसार मालाची आडत चालवतात. आमच्या वडिलांपासूनची ती पेढी. पुतण्या मात्र संगणक अभियंता झाला, अमेरिकेत गेला आणि लॉस एंजेलिसजवळ स्थायिक झाला. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता मार्च ते जून तिकडे होतो. विमानतळावरून घरी नेतानाच पुतण्याने गाडीत विषय काढला.

“काका, तुम्ही एम.कॉम. झालेले, आयुष्य बँकेत काढलेले. ती तुमचं ऐकेल. तिला जरा समजवा.”

तिकडच्या महाविद्यालयांत पहिली दोन वर्षे विद्यार्थी निरनिराळे विषय चाखून पाहतात आणि दुसरे वर्ष संपता संपता मुख्य विषय कोणता ते लेखी कळवतात. आमच्या नातीने मुख्य विषय म्हणून संवादशास्त्र लिहिले होते, त्याच्या जोडीला मानसशास्त्र आणि उपविषय म्हणून स्पॅनिश भाषा. पुढे काय होणार, असे विचारल्यावर तिने सांगितले होते, “मला कुटुंबांबरोबर काम करायचं आहे.” पुतण्याला यात नोकरी दिसत नव्हती. बार्शीहून बंधूंचा निरोपही आला होता : अकाउंटिंग घ्यावे, नाहीतर फायनान्स, घरात धंदा आहे, विद्या वाया जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला निघालो तेव्हा मी सरळ मुद्द्यावर आलो. म्हटले, “बेटा, तू तीन दुकानं मांडून बसलीस. अशानं गिऱ्हाईक एकाही दुकानात टिकत नाही.”

ती हसली. तिच्या त्या जराशा अडखळत्या मराठीत म्हणाली, “आजोबा, दुकान एकच आहे. माल तीन पेठांतून येतो.”

उत्तर व्यापाऱ्याच्या नातीला शोभेसे होते. पण माझा बँकवाला स्वभाव एका वाक्यावर कर्ज मंजूर करत नाही. मी म्हटले, “कागद दाखव.” मग पुढचे काही आठवडे ती मला आपली पुस्तके दाखवत गेली आणि मी, वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखा, शिकत गेलो.

माझा पहिला आक्षेप असा होता की संवादशास्त्र आणि मानसशास्त्र हे दोन वेगळे विषय आहेत. तिने दाखवून दिले की कुटुंबाच्या बाबतीत ते जन्मापासून एकत्र आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनाचा डॉक्टर एकेका रुग्णाला एकटा बसवून तपासत असे. घरातील इतरांना बाहेर थांबवले जाई. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातच, पालो आल्टो या गावी, काही मंडळींनी वेगळा विचार सुरू केला. त्यांत ग्रेगरी बेटसन हे मुळात मानववंशशास्त्रज्ञ होते, डॉन जॅक्सन मानसोपचारतज्ज्ञ होते. एकट्या माणसाच्या डोक्यात काय चालले आहे एवढेच न पाहता, घरातील माणसे एकमेकांशी कशी बोलतात ते पाहावे, असा त्यांचा रोख होता. पुढे पॉल वॉट्झलाविक यांनी जॅक्सन आणि जॅनेट बीव्हिन यांच्यासह मानवी संवादावर १९६७ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यातील दोन विचार मला विशेष भावले.

पहिला असा की माणूस संवाद टाळूच शकत नाही. गप्प बसणे, पाठ फिरवणे, फोन न उचलणे हेही सांगणेच असते. दुसरा असा की प्रत्येक बोलण्यात दोन थर असतात. एक मजकुराचा, दुसरा नात्याचा. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्या पेढ्या आल्या. रात्री दुकान वाढवताना वडील मुलाला विचारतात, “किल्ली कुणाकडे आहे?” मजकूर पाहिला तर साधी चौकशी. पण लग्न झालेल्या, दोन मुलांचा बाप असलेल्या मुलाच्या कानाला त्यात ऐकू येते, ‘अजून तुझ्यावर भरवसा नाही.’ मुलगा किल्ली गादीवर आपटतो. वडील म्हणतात, “साधं विचारलं तर एवढं काय?” दोघेही खरे बोलत असतात. एकजण मजकुराबद्दल बोलतो, दुसरा नात्याबद्दल. भांडण किल्लीवरून झाले असे घरात सगळे सांगतात, म्हणून ते मिटत नाही.

व्हर्जिनिया सॅटिर या मूळच्या शाळाशिक्षिका. संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसवून उपचार कसा करावा यावर त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहिले. घरातील माणसांना त्या खोलीत उभे करत : कोण कोणाकडे तोंड करून, कोण पाठ करून, कोणाचे बोट कोणाकडे रोखलेले. शब्दांनी जे कबूल होत नाही ते उभे राहण्यातून दिसे. साल्वादोर मिनुचिन हे १९२१ मध्ये अर्जेंटिनात जन्मलेले डॉक्टर, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या मुलुखातले. न्यूयॉर्क परिसरातील गरीब कुटुंबांत त्यांनी काम केले. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे होती, तशीच प्वेर्तो रिकोहून आलेली स्पॅनिशभाषक कुटुंबेही होती. १९६७ मध्ये त्यावर त्यांचे आणि सहकाऱ्यांचे पुस्तक आले. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी मोठे केंद्र उभारले. घरात कोण कोणाच्या शेजारी बसते, कोणाच्या वतीने कोण उत्तर देते, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. प्रसंगी ते माणसांच्या जागा बदलायला लावत. बाप आणि मुलगा यांच्या मधोमध आई बसली असेल तर आईला उठवून बाजूला बसवायचे आणि त्या दोघांना समोरासमोर आणायचे.

“म्हणजे या शास्त्राचा एक मोठा माणूस स्पॅनिश बोलणारा होता, म्हणून तू स्पॅनिश शिकतेस?” मी विचारले.

“नाही आजोबा. उद्या माझ्यासह शाळेत चला, मग सांगते.”

ती आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या एका शाळेत पालकांना अर्ज भरायला मदत करण्यासाठी जात असे. मी बाहेरच्या बाकावर बसलो. समोर एक बाई आणि तिचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा उभा होता. खिडकीतील कर्मचारी इंग्रजीत काही सांगे, मुलगा आईला स्पॅनिशमध्ये सांगे, आई विचारी, मुलगा परत इंग्रजीत विचारी. माझ्या नातीने पुढे होऊन आईशी तिच्या भाषेत बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्या मुलाचे खांदे एकदम सैल पडले. तो धावत मैदानाकडे गेला. तेवढेच घडले. पण त्या क्षणी मी लॉस एंजेलिसमध्ये उरलो नाही. चाळीस वर्षे मागे, सोलापुरात गेलो.

तेव्हा मी नवा अधिकारी होतो. सोलापुरात हातमाग आणि यंत्रमागावर काम करणारी हजारो तेलुगूभाषक कुटुंबे आहेत. एके दिवशी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन काउंटरशी आली. तिच्या हाती बँकेची नोटीस होती. तिला मराठी येत नव्हते, मला तेलुगू येत नव्हते. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत जाणारा. मी त्याला सांगितले, “आईला सांग, तीन हप्ते थकले आहेत. महिनाअखेर भरले नाहीत तर माग जप्त होईल.” मुलाने आईकडे पाहिले, थोडे थांबला आणि काही बोलला. आईने मान डोलावली, मला नमस्कार केला आणि गेली. मला वाटले, काम झाले. महिना उलटल्यावर वसुलीसाठी घरी गेलो तेव्हा शेजाऱ्याने मध्यस्थी केली आणि उलगडा झाला. मुलाने आईला सांगितले होते, “साहेब म्हणतात, जमेल तेव्हा भरा.” आई घाबरेल म्हणून त्याने ती जप्ती स्वतःपाशीच ठेवली होती. महिनाभर, आठ-नऊ वर्षांच्या छातीत.

पुढे त्या कर्जाचे हप्ते बांधून दिले, माग वाचला. पण वहीत त्या मुलाचा महिना कुठे लिहायचा? मी तो कुठेच लिहिला नव्हता. खरे सांगायचे तर विसरलोही होतो.

परतताना हे नातीला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, मिनुचिन यांनी अशा मुलाला नाव दिले आहे : पालक झालेले मूल. मोठ्यांचे ओझे लहानाकडे जाते, घराची उतरंड उलटी होते. मूल हुशार दिसते, समजूतदार दिसते, सगळे कौतुक करतात, पण त्याला मूल असण्याची फुरसत मिळत नाही. स्थलांतरितांच्या घरांत हे फार घडते, कारण मूल शाळेत नवी भाषा लवकर शिकते आणि आईबाप मागे राहतात. अमेरिकेतील चार कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात. लॉस एंजेलिस काउंटीत तर लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक जवळपास निम्मे आहेत. त्यांतील सर्वांनाच दुभाषा लागतो असे नव्हे, बरेचजण उत्तम इंग्रजी बोलतात. आणि ही भाषा तिथे परकी तरी कशी म्हणावी? ते शहर १७८१ मध्ये स्पॅनिश अमलात वसले. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. पण आजही ज्या घरांत इंग्रजी पोहोचलेली नाही, तिथे दवाखान्यातील आईचा आजार, घरमालकाची नोटीस, बापाची बेकारी हे सगळे एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून जाते. म्हणून तिथल्या आरोग्यसेवा कायद्याखाली २०१६ मध्ये जे नियम झाले, त्यांत तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलाला दुभाषा करू नये असे बंधन घातले गेले.

एका शब्दाची चूक किती महाग पडते याचे तिकडचे एक प्रसिद्ध प्रकरण तिने सांगितले. १९८० मध्ये फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ असा शब्द वापरला. त्यांच्या क्युबाकडील स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले आहे. इंग्रजीत जवळजवळ तसाच शब्द आहे, पण त्याचा अर्थ नशेत असलेला. डॉक्टरांनी अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वेळेवर कळला नाही आणि तरुणाचे हातपाय कायमचे गेले. नुकसानभरपाईचा समझोता सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरचा झाला. दुभाषाच्या चार तासांच्या मानधनाशी ही रक्कम ताडून पाहा, म्हणजे परतफेडीचा हिशेब माझ्यासारख्यालाही कळतो.

तरीही मी एक शंका काढली : दुभाषा नेमला की झाले, समुपदेशकाने स्वतः भाषा कशाला शिकावी? यावर तिने जी उदाहरणे दिली ती ऐकून आमच्या सौभाग्यवतीही पुस्तक मिटून पुढे सरसावल्या. इंग्रजीत आपल्या मुलाच्या सासऱ्याला काय म्हणतात? सरळ शब्दच नाही. स्पॅनिशमध्ये आहे : कॉन्सुएग्रो. आपला व्याही! विहिणीला कॉन्सुएग्रा. साडूला किंवा जावेलाही त्यांच्याकडे शब्द आहे. आपल्याकडे जसे तू, तुम्ही आणि आपण, तसे त्यांच्यात ‘तू’ आणि ‘उस्तेद’. आणि योगायोग असा की त्यांचा ‘तू’ आपल्याच ‘तू’सारखा उच्चारतात. घरातील सून सासूला कधी ‘उस्तेद’ म्हणते आणि कधी ‘तू’वर येते, यात त्या घराचा अर्धा इतिहास असतो. इंग्रजीत भाषांतर होताना दोन्हींचे एकच सर्वनाम होते आणि तो इतिहास पुसला जातो. दुःख सांगण्याचीही प्रत्येक भाषेची रीत निराळी. आपल्याकडे जीव घाबरतो, काळजात धस्स होते, डोके भणभणते. स्पॅनिशभाषक, विशेषतः कॅरिबियन बेटांकडील लोक, ‘नेर्विओस’चा झटका आला म्हणतात : रडू कोसळते, हातपाय थरथरतात, छातीत उष्णता चढते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथात या झटक्याची दखल घेतली आहे. ज्याला तो शब्द ठाऊक नाही, तो त्यावर भलतेच नाव चिकटवील.

आता माझ्या लक्षात आले की तीन पेठांतून आलेला माल एकाच गिऱ्हाइकासाठी आहे. शाळेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या त्या आईसाठी आणि त्या मुलासाठी. बोलण्यात काय चालले आहे ते संवादशास्त्र सांगते, त्याने मुलाच्या मनावर काय कोरले जाते ते मानसशास्त्र सांगते आणि भाषेवाचून त्या दोघांच्या घरात पाऊलच ठेवता येत नाही.

पण बँकर खर्चाची बाजू लपवत नाही, आणि वाचकांपासून मीही लपवणार नाही. हा रस्ता लांबीचा आहे. नुसत्या पदवीवर शाळेत पालकांशी संपर्क ठेवणारी व्यक्ती, सामाजिक संस्थेतील कुटुंब-साहाय्यक, रुग्णालयातील दुभाषा अशी कामे मिळू शकतात. दुभाषाला वेगळी परीक्षा द्यावी लागते, कारण भाषा येणे आणि दुभाषाचे काम येणे या दोन गोष्टी आहेत. कुटुंब-समुपदेशक म्हणून स्वतंत्रपणे काम करायचे तर परवाना हवा. विवाह व कुटुंब समुपदेशकांच्या परवान्याचा कायदा अमेरिकेत प्रथम कॅलिफोर्नियानेच १९६३ मध्ये केला. तिथे आज पदव्युत्तर पदवी, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली भरायचे एकूण ३००० तास आणि दोन परीक्षा असा क्रम आहे. म्हणजे शाळा सुटल्यापासून आठ-नऊ वर्षे सहज जातात. वर्गातला संगणक अभियंता तोवर घर घेऊन मोकळा होतो. या कामात कमाई सावकाश वाढते, आणि दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकून मन थकते, म्हणून देखरेख आणि विश्रांती हे त्या पेशाचे अंगच आहे. हे सारे मी तिच्यासमोर एका कागदावर दोन रकान्यांत मांडले. तिने कागद वाचला आणि म्हणाली, “हे मला माहीत आहे, आजोबा. बाबांना माहीत नाही की मला माहीत आहे.”

आता त्या न मिटलेल्या खात्याकडे येतो.

एका संध्याकाळी तिने मरे बोवेन यांच्याविषयी सांगितले. हेही कुटुंब-उपचाराचे एक प्रवर्तक. त्यांचा सिद्धांत असा की दोन माणसांतला ताण दोघांना सोसेनासा झाला की ती तिसऱ्या माणसाला मध्ये ओढतात आणि त्रिकोण होतो. ताण तात्पुरता वाटला जातो, म्हणून बरे वाटते. पण मूळ दोघांचा प्रश्न तिथेच राहतो आणि तिसऱ्याचा जीव जातो.

मला माझी एक शाखा आठवली. तिथे दोन सख्ख्या भावांची कापडाची पेढी आमची खातेदार होती. कॅश क्रेडिटचे चांगले खाते, व्यवहार दोघांच्या सहीने. एकदा एका भावाचे पत्र आले : माझ्या संमतीशिवाय खात्यातून रक्कम देऊ नये. नियमाप्रमाणे खाते थांबवावे लागले. दोघांना बोलावले. मेजाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोघांनीही संपूर्ण तासभर फक्त माझ्याशी बोलणे केले. “साहेब, यांना सांगा, माल मी आणलाय.” “साहेब, यांना विचारा, उधारी कोणी वाढवली.” दोन हातांवर बसलेला भाऊ, आणि निरोप माझ्यामार्फत! मी निमूटपणे निरोप्याचे काम केले. साठ्याचे विवरण, येणे-देणे, सगळे बिनचूक तपासले. ‘तुम्ही एकमेकांकडे पाहून बोला,’ एवढे एक वाक्य मला सुचले नाही. सुचले असते तरी ते माझ्या अधिकारात आहे असे वाटले नसते. वर्षभरात खाते अनुत्पादित झाले आणि दुकानाला कुलूप लागले. पेढीच्या ताळेबंदात तोट्याचे काही नव्हते. ती बुडाली ती उधारीने नव्हे, अबोल्याने.

हे सांगून मी गप्प झालो. नातीने हळूच विचारले, “आजोबा, तुम्ही बार्शीच्या आजोबांशी फोनवर पावसाबद्दलच का बोलता?”

मला उत्तर देता आले नाही. बार्शीच्या पेढीची जागा वडिलांनी आम्हा दोघांच्या नावे केली आहे. पुढे तिचे काय करायचे, हा विषय गेली अकरा वर्षे आम्हा भावांत आहे आणि या अकरा वर्षांत आम्ही तो एकमेकांशी एकदाही बोललेलो नाही. दादा वहिनींना सांगतात, वहिनी आमच्या सौभाग्यवतींना सांगतात, त्या मला. माझे उत्तर त्याच वाटेने परत जाते. दोन बायकांनी अकरा वर्षे आमची टपालसेवा केली. परक्या दोन भावांचे हसू येणारा मी, स्वतः त्याच मेजाशी बसलो होतो.

अर्ज देण्याच्या मुदतीला चार दिवस राहिले होते. मी पुतण्याला बसवले आणि म्हटले, “तू मला तिला समजवायला सांगितलंस. आता मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसणार नाही. तू तिच्याशी स्वतः बोल. मी हिशेब पाहिलाय. प्रस्ताव कच्चा नाही, मुदत लांब आहे एवढंच. पण मंजुरी तुझी, आणि तीही तिच्या तोंडावर सांगायची.” ते दोघे रात्री उशिरापर्यंत अंगणात बोलत बसले. काय बोलले ते मी विचारले नाही. अर्ज तिच्या मनासारखा गेला. पुतण्याने एक अट घातली आणि तिने ती आनंदाने मानली : हिशेबशास्त्राचा एक पेपर ती घेईल. कुटुंबे पैशावरूनही भांडतात, हे आम्हा दोघांनाही पटले.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल तर दोन गोष्टी सुचवतो. त्या अमेरिकेसाठी नाहीत, आपल्यासाठी आहेत. आपल्याकडेही या कामाची गरज कायद्याने ओळखली आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे आणि निकालाआधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे. मानसशास्त्र किंवा समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना शाळा, रुग्णालये, न्यायालये येथे वाटा आहेत. दुसरे, स्पॅनिश हा इथला माल नव्हे. सोलापुरात तेलुगू, सीमेवरच्या तालुक्यांत कन्नड, तांड्यावर बंजारा बोली, ही आपली स्पॅनिश. ज्या घरात काम करायचे त्या घराची भाषा शिकावी, एवढाच त्यातला अर्थ. आणि मुलाने दोन-तीन विषय जोडून मागितले तर ‘धरसोड करतो’ असे म्हणण्याआधी एवढे विचारावे : गिऱ्हाईक कोण आहे? गिऱ्हाईक एक असेल तर दुकानही एकच समजावे.

जूनअखेर परत आलो. दुसऱ्याच आठवड्यात एस.टी.ने बार्शीला गेलो. दादा गादीवर बसले होते. वहिनी चहा घेऊन आल्या आणि सवयीने मध्ये बसू लागल्या. मी म्हटले, “वहिनी, तुम्ही आज जरा इकडे बसा.” त्यांनी आश्चर्याने पाहिले, पण बाजूच्या खुर्चीवर बसल्या. दादा आणि मी समोरासमोर आलो. बराच वेळ दोघांनाही शब्द सापडेना. मग दादा म्हणाले, “पाऊस यंदा लवकर आलाय.”

मी म्हटले, “दादा, जागेचं बोलायचं का?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बोल,” म्हणाले.

जागेचा निर्णय अजून झालेला नाही. पण टपालसेवा बंद झाली आहे.